बांड्याचा खिसा

त्या वर्षी होळीच्या सुमारास आमच्या घरात एक वास शिरला, आणि तो कुठून येतो हे काही केल्या कळेना. मायनं आधी रिकामी मडकी बाहेर काढून उन्हात पालथी घातली. मग सुकवलेल्या झिंग्यांचा डबा उघडून पाहिला. त्याचा वास त्याच्या जागी ठीक होता. मेलेला उंदीर सापडेल या आशेनं बाबा शिडी लावून छपरावर चढले आणि कवेलू उचलून पाहत राहिले. कवेलू फुटले, उंदीर मिळाला नाही. वास आंबट होता, ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहावं तसा, आणि मुख्य म्हणजे तो एका जागी थांबत नव्हता. सकाळी चुलीपाशी, दुपारी दारात, संध्याकाळी मी अभ्यासाला बसायची त्या चटईवर. ही कोणीतरी केलेली करणी आहे असं मायनं ठरवूनच टाकलं. करणीला वास असतो का, हे मला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. मग एकदा चटईवर माझ्या शेजारी पसरलेला बांड्या उठून अंगणात गेला, आणि वासही उठून अंगणात गेला.

बांड्या म्हणजे आमचा कुत्रा. आमचा म्हणायचा, पण आम्ही तो आणला नव्हता. बाबा मँगनीजच्या खाणीवर जीप चालवत. उकव्याची खाण, बालाघाटचं ऑफिस आणि साहेबांचा बंगला असा त्यांचा दिवसभराचा फेरा असे. साहेब गोरे होते, एकटेच राहत, आणि त्यांच्याजवळ एक बुलडॉग होता. त्याचं डोकं अंगापेक्षा मोठं, कातडी दुसऱ्या कोणासाठी बेतलेली वाटावी इतकी सैल, आणि तोंडातून सतत लाळ. जीपमध्ये तो पुढच्या सीटवर बसायचा आणि साहेब मागे. साहेब कायमचे विलायतेला निघाले तेव्हा कुत्रा बाबांना देऊन गेले. बाबांना नाही म्हणता आलं नाही. बाबांना कोणालाच कधी नाही म्हणता आलं नाही, हा आमच्या घराचा इतिहास आहे. पण तो इथे नको.

देणंघेणं स्टेशनावर झालं. मी बाबांबरोबर गेले होते, कारण मला साहेबांची टोपी जवळून पाहायची होती. गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी सुटायला आली होती, इंजिन वाफ सोडत होतं, हमाल ओरडत होते. साहेब खिडकीतून वाकून बाबांना काहीतरी सांगत होते. मी शेजारीच उभी होते आणि मला एकच शब्द नीट ऐकू आला, ‘पॉकेट’. साहेबांनी तो दोनतीनदा म्हटला आणि हातानं काहीतरी पुसल्यासारखं करून दाखवलं. बाबा प्रत्येक वेळी ‘यस सर’ म्हणाले. शिट्टी झाली, साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला की तोंडावरचा कोळसा पुसला कोण जाणे, आणि गाडी गेली. कुत्रा फलाटावर बसून राहिला. त्याच्या अंगात खाकी रंगाचा जाड कोट होता, पोटाखाली बंद बांधलेला, आणि त्या कोटाला बाजूला एक खिसा होता.

घरी आल्यावर बाबांनी मायला साहेबांचा निरोप सांगितला. “तीन शब्द सांगतले. पॉकेट, डेली, अन् ड्राइव्ह.”

“म्हन्जे?”

“म्हन्जे खिसा रोज साफ करजो, अन् त्याले रोज गाडीत फिरवजो.”

“कुत्र्याच्या कोटाचा खिसा रोज साफ करा लागते? त्यात काय तो चिल्लर ठेवते?”

“साहेबलोक व्हय ते. त्याईचे कायदे वेगळे रायते.”

मायनं खिसा उलटा केला. आत एक मऊ कापडाची घडी आणि एक चपटी डबी निघाली. डबीत पांढरट मलम होतं. खिसा साफ करायचा म्हणजे रिकामा करायचा, इतकं सरळ होतं ते. कापड कंदिलाची काच पुसायला गेलं. मलम हुंगून पाहून बाबांनी आपल्या भेगा पडलेल्या टाचांना लावलं आणि म्हणाले, “विलायती व्हय. सकाळपावतर फरक पडन पाहाय.” त्यानंतर रोज सकाळी माय तो कोट झटकायची, खिसा उलटा करून पुसायची, आणि आठवड्यातून एकदा कोट धुवायची. आमच्या शाळेच्या कपड्यांपेक्षा त्या कोटाची निगा जास्त होती. हे मी रागानं सांगत नाही, तसं होतं.

साहेब त्याला डंकन म्हणत. खाणीच्या नोकरांच्या आमच्या लाईनीतल्या घरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बांड्या करून टाकलं. आमच्याकडे शेपूट नसलेल्या जनावराला बांडा म्हणतात, आणि याला शेपूट नव्हतं. पाठ जिथे संपते तिथे कोटाच्या बटणाएवढं एक गाठोडं होतं, बस. शेजारच्या बिसेनकाकी रोज येऊन ते पाहून जात. “अरी माय, इसकी पूँछ किसने काटी गा?” असं त्या रोज नव्यानं विचारत. बाबा म्हणत साहेबांनीच कापली असेल, ते कुत्र्यांचे कानही कापतात. माय म्हणे वाघानं तोडली असेल, उकव्याकडे जंगल आहे. मला वाटायचं की शेपूट आत गेली असेल, गोगलगाय आत जाते तशी. मी हे एकदाच बोलले आणि सगळे हसले, म्हणून पुन्हा बोलले नाही. आज सांगायला हरकत नाही की तिघांत खऱ्याच्या जवळ मीच होते.

थंडी चांगली गेली. बांड्या चुलीच्या उबेला झोपायचा आणि धानाच्या गिरणीसारखा घोरायचा. खाणीचा भोंगा झाला की डोळे उघडायचा आणि जीपची वाट पाहायचा. बाबा निरोप पाळून त्याला रोज ऑफिसपर्यंत पुढच्या सीटवर बसवून नेत. त्याला भात आणि लाखोळीच्या डाळीचं पाणी लागे, आणि भाताची खरवड दाखवली तर तो आपलं नावही विसरायचा. माझा धाकटा भाऊ दिनू तेव्हा रांगायला लागला होता. तो बांड्याच्या तोंडावरच्या वळ्या धरून उभा राहायचा आणि बांड्या ते चालवून घ्यायचा. दोघांच्याही लाळा गळत, दोघांनाही माना नव्हत्या, आणि दोघांनाही मीच सांभाळायची. त्यामुळे मला दोघांबद्दल विशेष प्रेम होतं असं कोणी समजू नये. मला खेळायला जायचं असे.

मग तो वास आला, आणि तो बांड्याचा आहे हे एकदा कळल्यावर मायनं त्याला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. वास दिवसभर गेला आणि दुसऱ्या दिवशी वाढून परत आला. मायनं पुन्हा आंघोळ घातली. आता हे रोजचंच झालं. जितकी आंघोळ जास्त तितका वास जास्त. हा हिशोब कोणाच्याच डोक्यात बसेना. मायनं कोट सोड्यात उकळला. खिसा तर इतका घासला की त्याची शिवण उसवली. बाबा खिशात नाक घालून हुंगायचे आणि हताश होऊन म्हणायचे, “खिसा तं साफ हाये!”

बांड्याचंही काहीतरी बिघडलं होतं. तो बसला की उठायचा, उठला की भिंतीला पाठीमागचा भाग घासायचा. एकाएकी गर्रकन फिरून स्वतःच्याच ढुंगणाला चावायला जायचा. मान नसल्यामुळे तोंड तिथवर पोचायचं नाही, म्हणून तो गोल गोल फिरत राहायचा, लाळ सगळीकडे उडायची. आधी लाईनीतली पोरं हसली. मग बिसेनकाकींनी ओसरीतूनच बाबांना हाक मारून सांगितलं, “ड्रायव्हरसाब, घरमें छोटा बच्चा है. ये कुत्ता पगला गया है. लार देखो उसकी.” लाळ त्याला पहिल्या दिवसापासून होती. पण एकदा कोणी तसं म्हटल्यावर तीच लाळ आम्हाला वेगळी दिसायला लागली. नव्या साहेबांनी वासामुळे त्याला जीपमध्ये बसवायला मनाई केली होती, त्यामुळे तो दिवसभर घरीच असायचा. आणि एक दिवस दिनू रांगत मागून गेला, त्यानं ते बटणासारखं गाठोडं मुठीत धरलं, आणि बांड्या असा गुरगुरला की मायच्या हातातलं ताट पडलं. त्यानं चावलं नाही. पण मायनं दिनूला उचललं ते खाली ठेवलंच नाही.

“आता बस झालं,” ती बाबांना म्हणाली. “कुत्रा राहीन नाहीतं मी राहीन. लेकराले काई झालं तं साहेब येनार हाये का विलायतेहून?”

“पिसाळला असन तं सोडून द्याले बी नाई जमत, दुसऱ्याले चावन,” बाबा म्हणाले. खाणीच्या चौकीदाराजवळ, ठाकुरजवळ, बंदूक होती. रविवारी सकाळी ठाकुर येईल असं ठरलं. तोवर बांड्याला परसातल्या पेरूच्या झाडाला साखळीनं बांधायचं आणि कोणी जवळ जायचं नाही.

मला काय वाटलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी गोंधळले होते. पिसाळलेला कुत्रा खरवड पाहून असा आनंदानं बुड हलवतो का? आणि पिसाळला नसेल तर मग काय झालं आहे? मोठी माणसं ठरवताना इतकी ठाम दिसत होती, की त्यांना काहीतरी माहीत असेल जे मला माहीत नाही, असं मला वाटत होतं. आता त्या वयाची होऊन कधीच पुढे गेल्यावर सांगते, त्यांना काहीही माहीत नव्हतं.

शनिवारी माय बाजाराला गेली आणि दिनूला माझ्याकडे देऊन गेली. त्याची मान लागली होती. जाड लेकरांच्या मानेच्या वळीत दूध ओघळून साचतं आणि आतली कातडी ओली राहून लाल होते, सोलते. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. हनुवटी वर केली की दिसतं, आणि त्याआधी वास येतो. मायची रीत ठरलेली होती. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं जुन्या धोतराचं फडकं फिरवायचं, मग कोरडं फडकं घेऊन वळी उघडी धरून पूर्ण सुकवायची, मग बोटानं नुसतं चाटवल्यासारखं खोबरेल. “ओलं ठेवलं तं आंघोळ घालू घालू मारशीन लेकराले,” असं ती मला बजावायची. मी दिनूची हनुवटी वर केली आणि वास घेतला. मग मी तशीच बसून राहिले. तो आंबट, ओल्या पोत्याचा वास माझ्या ओळखीचा होता.

दिनूला मी पाळण्यात ठेवलं आणि परसात गेले. जवळ जायचं नाही हे मला आठवत होतं. आधी मी खरवडीचा तुकडा लांबून टाकला आणि बांड्याच्या तोंडावरच्या वळ्या पाहिल्या. त्या कोरड्या होत्या. मानेखाली पाहिलं, काही नव्हतं. मग उरलेली सगळी खरवड त्याच्यापुढे ओतली आणि तो खाण्यात गुंतला तसं मागे जाऊन बसले. ते बटण मी बोटानं जरासं वर उचललं. तो थांबला, गुरगुरला, आणि पुन्हा खायला लागला.

बटणाखाली भोक होतं.

मला आधी ती जखम वाटली. मग वाटलं कोणीतरी सळई खुपसली आहे. मग वाटलं की विलायती कुत्र्यांना दोन ढुंगणं असतात की काय, आणि हे मला कोणाला विचारता येईल याचा विचार करत मी तिथेच बसले. आत लाल, ओलं होतं, आणि काळपट चिकट मळ साचला होता. ते बटण म्हणजे कापलेल्या शेपटीचं थोटूक नव्हतं. ती पूर्ण शेपूट होती, जन्मतःच स्क्रूसारखी पिळून खाली आत वळलेली, आणि तिच्याखाली कातडीची खोलगट घडी. आम्ही रोज त्या घडीत विहिरीचं पाणी भरत होतो.

माय पिशवी घेऊन आली तेव्हा मी पेरूखाली होते. तिनं आधी मला एक धपाटा घातला. मग मी म्हटलं, “माय, याची दिनूवानी मान लागली. पन मागून.” पोट्टीचंही डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. मग ती खाली वाकली, बटण उचललं, आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“अगं मायबाई,” ती म्हणाली. “हा तं खिसा व्हय.”

बाबा संध्याकाळी आले. मायनं त्यांना हात धरून परसात नेलं आणि दाखवलं. बाबांनी पाहिलं, टोपी काढली, पुन्हा पाहिलं. “पॉकेट,” ते म्हणाले.

“साहेबानं खिसा म्हटलं तं तुमाले कोटाचाच दिसला!”

“तूच तं घासत होती कोट.”

“मी इंग्रजी शिकली काय? अन् ते मलम? ते कायले दिलतं? तुमच्या टाचेले?”

बाबांनी नकळत पाय मागे घेतला. त्या थंडीत त्यांच्या टाचा आयुष्यात पहिल्यांदा लोण्यासारख्या झाल्या होत्या, हे लाईनीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच दाखवलं होतं. डबी कोनाड्यात होती. तळाशी थोडं उरलं होतं.

रविवारी ठाकुर आला तेव्हा काहीच सिद्ध झालं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मायनं घडी पुसून सुकवून मलम लावलं होतं, पण एका रात्रीत वास जात नाही, आणि सकाळीही बांड्या एकदा गोल फिरलाच. त्यामुळे बाबा पुन्हा डळमळले. पिसाळलेल्यालाही खिसा असू शकतो, असं ते म्हणाले, आणि हे खरंच होतं. ठाकुरनं बंदूक खांद्यावरून काढली. “हटो बहनजी. पागल कुत्ते पे दया नहीं करते,” तो म्हणाला.

“थांबा,” माय म्हणाली. ती कोमट पाण्याचं फडकं आणि कोरडं फडकं घेऊन आली, पदर खोचला, आणि बांड्याच्या मागे मांडी घालून बसली. हीच बाई चार दिवसांपूर्वी कुत्रा राहील नाहीतर मी म्हणाली होती. मी तिला नंतर कधीतरी विचारलं की तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, “वाटली ना. पन आंघोळा मीच घातल्या होत्या त्याले.” तिनं बटण वर धरलं आणि कडेकडेनं पुसायला लागली. बांड्या गुरगुरला. ठाकुरनं बंदूक वर केली. माझ्या कडेवर दिनू होता, आणि तो नेमका तेव्हा हसला. मायनं हात काढला नाही. ती दिनूची मान पुसताना जे पुटपुटायची तेच पुटपुटत होती, “झालं झालं झालं, एवढंच रायलं.” तिनं कोरडं फडकं घेतलं. गुरगुर हळूहळू घोरण्यासारखी झाली. मग बांड्यानं एक लांब सुस्कारा टाकला, मागचे पाय ढिले सोडले, आणि सगळं अंग मायच्या मांडीवर टेकलं. ती त्याच्या वजनानं मागे पेरूवर आपटली.

ठाकुरनं बंदूक खाली केली. “ये पागल है?” तो बाबांना म्हणाला. “ये तो नाई के यहाँ हजामत कराने बैठा है.” चहा पिऊन तो गेला. जाताना त्यानंही वाकून ते भोक पाहिलं आणि कोणत्या तरी देवाचं नाव घेऊन पुटपुटला.

सोमवारी बाबा त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांचा आयुष्यभर बैलांशी संबंध आलेला होता. त्यांनी धुण्यासाठी लाल औषध दिलं, आत लावायचं मलम दिलं आणि एवढंच सांगितलं की ओल राहू देऊ नका. ते मायला आधीच माहीत होतं. पुढे दिनूची मान सुकली तेव्हाच थोड्या दिवसांनी बांड्याचीही घडी सुकली. मागच्या वर्षी नागपुरात माझ्या मुलीच्या शेजाऱ्यांकडे असाच बुलडॉग पाहिला. त्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं की याच्या शेपटीखाली पॉकेट असतं, रोज पुसून कोरडं करावं लागतं, नाहीतर पिकतं. काहींची शेपूट तर इतकी आत रुतते की ऑपरेशन करावं लागतं. मी हो हो म्हटलं. आम्ही हे बंदुकीसमोर शिकलो, हे सांगत बसले नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात कधीच सुटली नाही. पुढे मी शाळेत इंग्रजी शिकले आणि कोरड्याला काय म्हणतात ते मायला सांगितलं, तेव्हापासून तिचं म्हणणं, साहेब ‘ड्राय’ म्हणाले असणार. पॉकेट, डेली, ड्राय. एवढी साधी गोष्ट. बाबा शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. “मी ड्रायव्हर व्हय,” ते म्हणत. “ड्राइव्ह हा शब्द मले कळत नाई काय?” वास गेल्यावर नव्या साहेबांची परवानगी काढून त्यांनी बांड्याला पुन्हा पुढच्या सीटवर बसवलं. साहेब ते बोलले तेव्हा मी फलाटावरच होते, पण मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. इंजिनाचा आवाज फार होता.

बांड्या पुढे आपल्या मरणानं मेला, एका उन्हाळ्यात, जीपच्या सावलीत. मी तेव्हा मॅट्रिकला होते. बाबा म्हणाले, वैनगंगेच्या काठी पुरू, आणि त्याला जीपच्या पुढच्या सीटवरच ठेवलं. मायनं ट्रंकेतून तो खाकी कोट काढला आणि त्याच्या अंगावर घातला. बंद बांधून झाले. मग तिनं कोटाचा खिसा उलटा केला, झटकला, नीट आत सारला, आणि बाबांना म्हणाली, “हौ, आता न्या.”